तिला तीस, मला बावीस

ग्रुपमधल्या एका आजींच्या तिकिटावर आडनावातलं एक अक्षर कमी होतं.

सकाळची पावणेसहाची वेळ. विमानतळावर आमचा सव्वीस जणांचा ग्रुप रांगेत उभा. प्रत्येकाच्या गळ्यात मावशीच्या टूर कंपनीचं पिवळं ओळखपत्र, आणि सगळ्यांच्या पुढे मी, पासपोर्टांची चळत पोटाशी धरून. काउंटरवरच्या माणसाने आजींचा पासपोर्ट पाहिला, तिकीट पाहिलं, पुन्हा पासपोर्ट पाहिला.

"नाव जुळत नाहीये."

"ते मी मंगळवारीच कळवलंय," मी म्हटलं. "तुमच्याच ग्रुप डेस्ककडून उत्तरही आलं होतं. 'काळजी नसावी, दुरुस्ती केली आहे.'"

त्याने स्क्रीनवर पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मग दुरुस्ती करायची राहिली बहुतेक. ते उत्तर मीच लिहिलं होतं."

मी चमकून वर पाहिलं. चेहरा नवा होता – उभट, सावळा, चष्मा नाकावरून घसरलेला. पण आवाज... तो आवाज मी आठ महिने रोज फोनवर ऐकत होते.

"तुम्ही... 'बघतो, पण शब्द देत नाही'?"

तो हसला. "आणि तुम्ही 'एक मिनिट हं, पेन सापडत नाहीये'."

त्या दिवशी काउंटरवर माणसं कमी होती म्हणून ऑफिसातल्या चौघांना पहाटे इथे बसवलं होतं, आणि त्यात हा एक. त्याने तिथल्या तिथे अक्षर घातलं आणि वर आजींना खिडकीची सीट दिली. आजी पुढे सरकताना माझ्या कानाशी म्हणाल्या, "पोरगा बरा आहे गं. चष्मा तेवढा पुसायला सांग."

ते त्यालाही ऐकू गेलं. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या हातातली चळत एकदम जड झाली.

आमचं काम बाहेरून दिसतं तसं नसतं. लोकांना वाटतं सहल म्हणजे समुद्र, बर्फ, फोटो. मावशी म्हणते, सहल म्हणजे आधी सीट. सहा महिने आधी विमान कंपनीकडे सीटा अडवून ठेवायच्या, त्या मिळाल्या की त्या तारखेला हॉटेल, हॉटेल मिळालं की बस. ठरलेल्या दिवशी प्रवाशांच्या नावांची यादी द्यायची, ज्या भरल्या नाहीत त्या मुकाट्याने परत करायच्या. विमानाची वेळ तासाभराने सरकली तरी खालचं सगळं पत्त्यांच्या बंगल्यासारखं कोसळतं. आमच्या कंपनीत तीन टेबलं. एका टेबलावर मावशी, एकावर हिशेबनीस, एकावर मी. माझं काम सीटा मागण्याचं, आणि त्याचं देण्याचं.

विमानतळानंतर आमचे फोन लांबायला लागले. आधी कामाचं बोलणं दोन मिनिटं, मग 'बाकी?' असं म्हणून वीस मिनिटं. दर गुरुवारी मी नावांच्या याद्या घेऊन त्याच्या ऑफिसला जायला लागले. याद्या मेलवर जातात, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तिसऱ्या मजल्यावर जिन्याशेजारी कॉफीचं मशीन होतं. कॉफी इतकी वाईट, की ती संपवायला वेळ लागे, आणि म्हणून ती आम्हाला आवडे.

"तुम्ही एक विचारू का?" एकदा तो म्हणाला.

"मी विचारू का, की तुम्ही विचारणार?"

"म्हणजे... मी विचारतो. तुम्हाला 'तू' म्हटलं तर चालेल?"

"बघते," मी म्हटलं, "पण शब्द देत नाही."

त्याच्या ओठाला कॉफीचा फेस लागला होता. मी बोटाने माझ्याच ओठाकडे खूण केली. त्याने भलतीकडेच पुसलं. त्या दिवशी मी बस न पकडता चालत घरी आले आणि आईने दोनदा हाक मारली तरी ऐकू आलं नाही.

आणि मग गॉगलवाली आली.

खरं तर ती आधीपासूनच होती. आमच्या समोरच्या फुटपाथवर मोठी काचेची टूर कंपनी आहे, तिथे ती सीटांचं काम पाहायची. उंच, मोकळे केस, डोक्यावर कायम चढवलेला गॉगल. डोळ्यांवर आलेला मी तो कधी पाहिला नाही. एका गुरुवारी मी यादी घेऊन गेले तर ती त्याच्या टेबलासमोर माझ्या खुर्चीत बसलेली. खुर्ची माझी नव्हती, पाहुण्यांची होती. पण माझी होती.

ती काहीतरी सांगत होती आणि तो हसत होता. माझ्याशी बोलताना तो गालात हसायचा. हे हसणं दात दिसेपर्यंतचं होतं. बोलता बोलता तिने त्याच्या खिशातलं पेन काढलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेन परत खिशात खोचलं. स्वतःच्या हाताने.

"ये ना, बस," तो मला म्हणाला.

"नको. आपण कामात आहात. यादी ठेवून जाते."

'आपण' ऐकून त्याच्या भुवया वर गेल्या. गॉगलवालीने माझ्याकडे पाहून छान, मोकळं स्मित केलं. एखादीनं तोंड वाकडं केलं तर तिचा राग करायला सोपं जातं. ही तशी सोयही ठेवत नव्हती.

मी स्वतःला समजावलं. काम आहे, कामाला लोक येतात, कामात लोक हसतात. पण मत्सर हा दाढदुखीसारखा असतो. दुखतंय तिथेच पुन्हा पुन्हा जीभ लावावीशी वाटते. मी खिडकीतून समोरची काच बघायला लागले. ती किती वाजता बाहेर पडते, कुठल्या दिशेने जाते, तिच्या हातात त्यांच्या ऑफिसचा निळा लखोटा आहे का. गुरुवारी मी निळा कुर्ता घालायची, तो आता केविलवाणा दिसायला लागला. एकदा तर दुकानात जाऊन गॉगल डोक्यावर चढवून पाहिला. आरशात मी वेल्डिंग करून दमलेल्या माणसासारखी दिसत होते.

अशात बर्फाच्या सहलीच्या सीटा जाहीर झाल्या. वर्षातली आमची सगळ्यात मोठी सहल, सुट्टीच्या पहिल्या रविवारची. मी चाळीस मागितल्या होत्या. मेल आला – बावीस.

"आणि समोरच्यांना?" मावशीने विचारलं.

मी माहिती काढली. "तीस."

मावशी चष्मा कपाळावर ढकलून माझ्याकडे बघत राहिली. "चाळीस जणांना मी हो म्हणून बसलेय, चिमणे. आता अठरा जणांना तोंड कसं दाखवू? तुझा तो सीटवाला एवढा ओळखीचा ना?"

"ओळखीचा आहे," मी म्हटलं. "माझ्या एकटीच्या नाही."

त्या अठरा जणांना मी एकेक फोन केला. कुणी चिडलं, कुणी बिचारं 'पुढच्या वर्षी' म्हणालं. प्रत्येक फोननंतर मला खिशात पेन खोचणारा तो हात दिसायचा. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"रागावलीस का? अगं, मी प्रयत्न–"

"आपला मेल मिळाला. आभारी आहोत."

"आहोत? तुम्ही किती जणी आहात तिकडे?"

एरवी मी हसले असते. "बाकी काही असेल तर मेल करावा," म्हणून मी फोन ठेवला. गुरुवारी याद्या मेलने पाठवल्या. पुढच्या गुरुवारीही. त्याचे फोन आधी रोज, मग एक दिवसाआड, मग थांबले. थांबावेत असंच मी वागत होते, आणि थांबले तेव्हा उशीत तोंड खुपसून रडले.

बर्फाची सहल रविवारी निघायची होती. शुक्रवारी दुपारी साडेतीनला त्याच्याकडून मेल आला. सात कंपन्यांच्या ग्रुपना वेळ बदलल्याचं कळवायचं होतं, विमानांची अदलाबदल झाली होती. मी मेल उघडला. आमची वेळ कालच बदलून आली होती आणि मी सगळ्यांना कळवूनही टाकलं होतं, मग हा दुसरा कसला?

हा आमचा नव्हताच. वर गॉगलवालीच्या कंपनीचं नाव होतं, खाली तीस जणांची यादी. रविवारचं अकरा दहाचं विमान आता सकाळी सात चाळीसला सुटणार. तिचा मेल चुकून माझ्याकडे आला होता.

ग्रुपच्या तिकिटांवर प्रवाशांचे फोन नंबर नसतात, कंपनीचा पत्ता असतो. म्हणजे हा मेल तिला मिळाला नाही तर तीसपैकी एकालाही काही कळणार नव्हतं. शनिवारी दोन्ही ऑफिसं बंद. रविवारी नऊ वाजता ती डोक्यावर गॉगल चढवून विमानतळावर पोचणार, मागे तीस माणसं, आणि विमान सव्वा तासापूर्वीच गेलेलं.

मी तो मेल बंद केला.

माझा नाही, मी स्वतःला म्हटलं. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत. मी चहा प्यायले. एक फाइल लावली, ती उलटी लागली, पुन्हा लावली. साडेचारला माझ्या मनात एक विचार आला, तो लिहायलाही लाज वाटते. ती चिडेल. त्याच्यावर चिडेल. तुझ्यामुळे माझी माणसं अडकली म्हणेल, आणि मग ते दोघं पुन्हा कधी तसे हसणार नाहीत.

तेवढ्या एका विचारावर मी पाऊण तास बसून होते. चुळबुळत, पण बसून.

सव्वापाचला मी मेल पुन्हा उघडला. पुसून टाकावा म्हणून की वाचावा म्हणून, आठवत नाही. वाचायला लागले. नाव, वय, नाव, वय. एक नवराबायको अठ्ठ्याहत्तर आणि चौऱ्याहत्तर, त्यांच्यापुढे 'व्हीलचेअर'. एका आडनावाची पाच माणसं, सगळ्यात धाकटं चार वर्षांचं. एक बाई एकटीच, वय एकसष्ट. एकसष्टाव्या वर्षी एकटीने बर्फ बघायला निघालेली बाई मला एकदम डोळ्यांसमोर दिसली. नवा स्वेटर, बॅगेला बांधलेली रिबन, आणि बंद झालेलं काउंटर.

मी उठले. मेल पुढे ढकलून चाललं नसतं, त्यांचं ऑफिस सहाला बंद होतं. मावशी "कुठे?" म्हणाली, तिला उत्तर न देता मी रस्ता ओलांडला.

गॉगलवाली कुलपाची किल्ली शोधत होती. मी मेलचा छापलेला कागद पुढे केला. तिने वाचला, आणि तिथेच पायरीवर बसली.

"तीस जण," ती म्हणाली. "आणि पुढे दुसरं विमान आहे. हे चुकलं तर ते पण गेलं."

"नंबर आहेत ना? अर्धे मला दे."

आम्ही तिचं ऑफिस पुन्हा उघडलं. ती यादीच्या वरून, मी खालून. अर्ध्या लोकांनी फोन उचलला नाही, मग त्यांच्या मुलांना, शेजाऱ्यांना. एकसष्ट वर्षांच्या बाई म्हणाल्या, "मी तर चारलाच उठणार होते हो, झोप कुठे येतेय." सव्वासातला तिसावा माणूस सापडला. तिने पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली आणि साधंच विचारलं, "मेल कधी आला होता?"

आत्ताच, असं म्हणणं किती सोपं होतं.

"साडेतीनला."

तिने घड्याळाकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"त्याच्यावरून?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"सीटांचं म्हणशील तर मी तुझ्या नऊ दिवस आधी मागितल्या होत्या. तारखा बघ हवं तर." मग ती केसांतून गॉगल काढून टेबलावर ठेवत म्हणाली, "आणि बाकीचं म्हणशील, तर मला तो आवडतो. खोटं कशाला बोलू? मागच्या महिन्यात मी विचारलंही त्याला. नाही म्हणाला. कुणीतरी आहे म्हणाला."

"कोण?"

"ते नाही सांगितलं. पण तुझा फोन आला की तो खुर्ची खिडकीकडे फिरवायचा, म्हणजे आम्हाला तोंड दिसू नये. हल्ली फिरवत नाही." ती उठली. "मी त्याला सांगेन की तू लगेच येऊन सांगितलंस. घरी जा."

मी तिचा राग करायला गेले होते, आणि तिनं माझी लाज राखली.

रविवारी पहाटे मी आमच्या बावीस जणांना घेऊन विमानतळावर गेले. तिचे तीसही आले होते. व्हीलचेअर होती, चार वर्षांचं पोर बापाच्या खांद्यावर झोपलं होतं. सगळे आत गेल्यावर तो दिसला, केस विस्कटलेले, काल रात्री झोपलाच नसावा असा.

"तिचा फोन आला काल," तो म्हणाला. "सुट्टीवर निघायच्या घाईत उरलेले मेल एकदम पाठवले, आणि आता रात्रभर प्रवास करून परत आलो. पत्त्यात पहिलं अक्षर लिहिलं की तुझंच नाव वर येतं... तुलाच सगळ्यात जास्त लिहितो ना. तू होतीस म्हणून वाचलो. मिळाल्या मिळाल्या धावत गेलीस म्हणे."

एवढ्यावर थांबता आलं असतं. तो माझ्याकडे अशा नजरेने बघत होता, की ती नजर मिळावी म्हणून मी दोन महिने तळमळले होते. पण ती माझी नव्हती, कुणा दुसऱ्याच, चांगल्या मुलीची होती.

"नाही गेले धावत," मी म्हटलं. "पावणेदोन तास बसून होते. मुद्दाम."

"मुद्दाम?"

"तुम्ही दोघं भांडावंत म्हणून."

त्याचा चेहरा हळूहळू मिटत गेला. त्याने आत जाणाऱ्या व्हीलचेअरकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बरं. येतो मी. तुम्ही पण निघा, उशीर होईल."

तुम्ही. माझंच शस्त्र, पण ते किती धारदार आहे हे मला माहीत नव्हतं.

सोमवार गेला. मंगळवारी मावशी म्हणाली, "त्या फोनकडे बघून तो वाजत नसतो, चिमणे. जरा याद्या कर." मी याद्या केल्या. चार नावांत अक्षरं चुकवली.

दुपारी दार ढकलून तो आत आला. आमच्या ऑफिसात तो पहिल्यांदाच येत होता. त्याने मावशीला नमस्कार केला. मावशीने त्याला नखशिखान्त पाहिलं, हिशेबनिसाला म्हणाली, "चला, बँकेत जाऊन येऊ," आणि त्यांना जवळजवळ ओढतच बाहेर नेलं.

तो माझ्या टेबलासमोर बसला.

"दोन दिवस रागावलो होतो," तो म्हणाला. "खरंच. म्हाताऱ्या माणसांचं काय झालं असतं, हे डोक्यातून जात नव्हतं. अजूनही पुरतं गेलेलं नाही."

"माझ्याही."

"पण काल मनात आलं, तू सांगितलं नसतंस तर मला कधीच कळलं नसतं. तिनंही तुला सांभाळून घेतलं होतं. तरी सांगितलंस." त्याने खुर्ची पुढे ओढली. "आणि एक गोष्ट लागली. तुला वाटलं, मी तोंड बघून सीटा देतो."

मी टेबलावरचं पेन उचललं.

"तोंड बघून दिल्या असत्या," तो हळू आवाजात म्हणाला, "तर तुला चाळीस दिल्या असत्या. अख्खं विमान दिलं असतं. मग नोकरी गेली असती आणि मीच तुमच्याकडे काम मागायला आलो असतो."

"मावशी ठेवत नाही कुणाला."

"तू ठेवशील?"

हातात पेन होतं, ते मी उगाच उघडत होते, मिटत होते. त्याने ते माझ्या बोटांतून अलगद काढून घेतलं आणि बोटं मात्र सोडली नाहीत.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "विमानतळाच्याही आधीपासून. फोनवर पेन शोधायचीस ना, तेव्हा मागे खणांचे आवाज यायचे... मला ते ऐकायला आवडायचं. हा मी शब्द देतोय. बघतो वगैरे नाही."

"मला तर तू इतका आवडतोस," मी म्हटलं, "की मी वाईट वागले."

"आता नको वागूस."

"प्रयत्न करीन." मग राहवलं नाही. "एक सांग. तिनं विचारलं तेव्हा, नाही म्हणायला किती वेळ घेतलास?"

तो दात दिसेपर्यंत हसला. "अगं, आत्ता तर–"

"सांग ना."

"लगेच म्हणालो."

"आणि तिनं परत विचारलं तर?"

"तर म्हणेन, थांब, घरी विचारून सांगतो."

"घरी कुणाला?"

"तुला."

"मग आत्ताच सांगते," मी त्याचा हात घट्ट धरून म्हटलं. "नाही."